थोरोची दोरी, इमर्सनचा डोळा

प्रश्न असा होता: ट्रान्सेंडेंटलिझम, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इमर्सन, थोरो वगैरे अमेरिकन लेखकांची विचारांची चळवळ, म्हणजे नेमकं काय, ही मंडळी निसर्गाला देव मानायची का, आणि थोरो तळ्याकाठच्या झोपडीत राहून आईकडे जेवायला जायचा हे खरं असेल तर सगळं ढोंगच नाही का? म्हणजे तीन प्रश्न झाले. तिसरा मला सगळ्यात आवडतो, पण त्याला हात घालायच्या आधी पहिले दोन उरकावे लागतील, त्यामुळे जरा दमाने घ्या.

मी सव्वीस वर्षं एम.ए.च्या पोरांना अमेरिकन लिटरेचर शिकवलं. दर वर्षी उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास असायचं, 'थोरो आणि इमर्सन हे महान निसर्गप्रेमी होते', आणि त्यापुढे काहीच नाही. मी त्याला अर्धा मार्कसुद्धा देत नसे. निसर्गप्रेमी तर माझा शेजारीही आहे, रविवारी सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन येतो. ह्या लोकांचं प्रकरण वेगळं होतं.

सुरुवात निसर्गापासून नाही तर चर्चपासून करायची. बॉस्टन आणि आसपासचा मॅसॅच्युसेट्सचा भाग, साल १८३०च्या पुढेमागे. तिथली शिकलेली, खाऊनपिऊन सुखी मंडळी युनिटेरियन पंथाची. म्हणजे कट्टर, नरकाची भीती घालणारा धर्म त्यांनी आधीच सोडलेला, सगळं कसं विवेकी, सभ्य आणि (तरुण पोरांच्या मते) थंडगार. राल्फ वाल्डो इमर्सन ह्याच पंथाचा पाद्री. १८३१ला त्याची बायको एलन क्षयाने गेली, वय फक्त १९. पुढच्याच वर्षी त्याने पाद्रीपण सोडलं, कारण सांगितलं प्रभुभोजनाच्या विधीचं, की ही भाकर आणि हा द्राक्षारस आता मला मनापासून देता येत नाही. आणि बोटीत बसून युरोपला गेला.

तिथे पॅरिसला त्याने १८३३ मध्ये वनस्पती उद्यान आणि तिथलं संग्रहालय पाहिलं. पेंढा भरलेले पक्षी, शिंपले, मासे, किडे सगळे ओळीने मांडलेले. आपण असं काही बघितलं की फोटो काढतो आणि कॅन्टीन शोधतो. त्याला वाटलं की ही गोम, ही मगर, हा कोल्हा, हे सगळं माझ्याच आत आहे कुठेतरी, आपलं आणि ह्यांचं काहीतरी गुपित नातं आहे. मी आता निसर्गअभ्यासक होणार असं त्याने डायरीत लिहून टाकलं. झाला मात्र नाही हं, तो शेवटपर्यंत व्याख्याताच राहिला. पण ते नात्याचं जे काही सुचलं त्यातून १८३६च्या सप्टेंबरात 'नेचर' नावाचं छोटंसं पुस्तक आलं, लेखकाचं नाव न घालता. त्याच महिन्यात समविचारी मंडळींची बैठकही सुरू झाली, तिलाच लोक पुढे ट्रान्सेंडेंटल क्लब म्हणायला लागले.

आता ते भलंमोठं नाव. ते जर्मन तत्त्वज्ञ कांटवरून आलं, आणि ह्यातल्या बऱ्याच जणांनी कांट थेट न वाचता इंग्रज कवी कोलरिजमार्फत ऐकलेला होता. थोडक्यात मुद्दा असा, की इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणत होता की माणसाचं डोकं म्हणजे कोरी पाटी, डोळ्या-कानांतून जे येईल तेच ज्ञान. हे लोक म्हणाले नाही, काही गोष्टी माणसाला आतूनच कळतात, इंद्रियांच्या पलीकडून, आणि त्यासाठी पाद्री, ग्रंथ, चमत्कार कसलीही मध्यस्थी लागत नाही. मराठीत अतींद्रियवाद वगैरे शब्द चालतात पण ते ऐकून भुताखेतांचं काहीतरी असेल असं वाटतं, म्हणून मी आपला इंग्रजी शब्दच वापरते.

मग निसर्ग कुठे आला? मधला भटजी काढून टाकल्यावर माणूस आणि परमेश्वर ह्यांच्यामध्ये उरतं काय, तर समोर पसरलेलं जग. बाहेरचा निसर्ग आणि आतलं मन एकाच आत्म्याची दोन रूपं, म्हणून झाडाकडे नीट बघितलं की स्वतःबद्दल कळतं. हा इमर्सनचा निसर्ग. तो पूजा करत नव्हता, वाचत होता. त्याच्यासाठी निसर्ग ही भाषा होती, नुसतं 'भाषेसारखी' नाही, त्या पुस्तकात चक्क 'भाषा' नावाचं प्रकरण आहे. आणि भाषा झाली म्हणजे काय होतं, तर अक्षराकडे कोणी बघत बसत नाही, अर्थाकडे जातं. ही अडचण ध्यानात ठेवा, पुढे थोरो इथेच वेगळी वाट धरतो.

'नेचर'मधली ती पारदर्शक डोळ्याची जागा सगळ्यांना माहीत असते. मी एक मोठ्ठा पारदर्शक डोळा झालो, मी कोणीच नाही आणि मला सगळं दिसतंय, अशा अर्थाची. ख्रिस्तोफर क्रँच नावाच्या त्यांच्याच गोटातल्या एका मित्राने त्यावर व्यंगचित्र काढलं, लांबच लांब तंगड्यांवर टोपी घातलेलं एक बुबुळ माळावर उभं आहे. एक गोष्ट मात्र वर्गात सांगितली की पोरं चमकायची: हा अनुभव येण्याआधी काही वाक्यं इमर्सन कुठून चाललेला असतो? हिमशिखरावरून नाही, घनदाट जंगलातूनही नाही. गावच्या उघड्याबोडक्या गायरानातून, संध्याकाळी, आभाळ भरलेलं, पायाखाली वितळत्या बर्फाची डबकी. म्हणजे चिखल तुडवत घरी निघालेला माणूस. आणि काही कारण नसताना त्याला इतका आनंद होतो की तो म्हणतो मी भीतीच्या काठापर्यंत जाऊन आलो. जंगलाचा उल्लेख आणि तो डोळा त्यानंतर येतो. माझ्या मते गायरानाचं वाक्य त्या डोळ्यापेक्षा दसपट मोठं आहे पण गाईडवाल्यांना ते दिसत नाही.

बाकी मंडळी भराभर सांगते. मार्गारेट फुलर, ह्यांच्या 'डायल' ह्या मासिकाची (खरं तर त्रैमासिकाची, १८४० ते १८४४) पहिली संपादक, आणि बुद्धीने बहुतेक पुरुषांना भारी. १८५०ला इटलीहून परत येताना न्यूयॉर्कजवळ फायर आयलंडच्या किनाऱ्याला लागून बोट फुटली आणि ती, नवरा, तान्हं मूल सगळे गेले. इमर्सनने थोरोला तिचे कागद शोधायला किनाऱ्यावर पाठवलं होतं. जॉर्ज रिप्लेने ब्रुक फार्म नावाची सगळ्यांनी मिळून राबायची शेती-वसाहत काढली, कादंबरीकार हॉथॉर्न तिथे काही महिने शेण उपसून कंटाळून निघून गेला. आणि ब्रॉन्सन अल्कॉटची तशीच वसाहत फ्रूटलँड्स, १८४३ची. तिथे मांस नाही, दूध नाही, लोकर नाही कारण ती मेंढीची, कापूस नाही कारण तो गुलामांनी वेचलेला, सुरुवातीला बैलसुद्धा जुंपायचा नाही. सात महिन्यांत गाशा गुंडाळला. अल्कॉटची दहा वर्षांची मुलगी लुइझा तिथे होती, तिने मोठेपणी त्यावर झकास खिल्ली उडवणारं लिहिलंय, आणि ते वाचलं की लक्षात येतं की पुरुष तत्त्वज्ञानावर बोलत असताना पीक गोळा करायला तिची आईच पळत होती.

आता हेन्री डेव्हिड थोरो. बॉस्टनजवळच्या कॉन्कॉर्ड गावचा, जन्म १८१७. वडिलांचा पेन्सिलींचा कारखाना, तिथे ह्याने ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळायचं तंत्र सुधारून पेन्सिल चांगली केली. पुढे जमीन मोजणीची कामं करायचा, आपल्याकडचा मोजणीदारच म्हणा ना. हे दोन्ही धंदे लक्षात ठेवा, कारण हा हवेत तरंगणारा कवी नव्हता, हाताने कामं करणारा आणि आकडे मांडणारा माणूस होता. वॉल्डन तळ्याकाठी तो राहायला गेला ४ जुलै १८४५ला आणि परत आला ६ सप्टेंबर १८४७ला. जागा इमर्सनची. घर दहा बाय पंधरा फूट, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, आणि हा हिशोब त्याने 'वॉल्डन' ह्या पुस्तकात तक्ता करून छापलाय: खिळे ३ डॉलर ९० सेंट, खडू १ सेंट. वर टोमणा, की हार्वर्डमध्ये पोरगा नुसत्या खोलीचं वर्षाचं भाडं तीस डॉलर देतो. घेवड्याच्या शेतीतून निव्वळ नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. आमच्या वर्गात शेतकऱ्यांची पोरं असायची, त्यांना हे पान फार आवडायचं, एकाने तर विचारलं होतं की मॅडम, ह्याने स्वतःची मजुरी धरलीय का हो?

तर ढोंगाचा मुद्दा. तळं गावापासून दीडएक मैल. रेल्वेचा रूळ तळ्याच्या एका टोकाला लागूनच जातो, तो १८४४ पासूनच होता. थोरो स्वतःच लिहितो की मी दर एक-दोन दिवसांनी गावात गप्पा ऐकायला जायचो. घरात तीन खुर्च्या होत्या आणि कधी कधी पंचवीस-तीस माणसं एकदम त्या खोलीत उभी असायची. १८४६च्या ऑगस्टमध्ये गुलामगिरीविरोधी काम करणाऱ्या गावातल्या बायकांचा मेळावा त्याच्या दारात झाला. आईकडे जेवायला जायचा? हो, जायचा की! पण मी अरण्यात संन्यास घेतलाय असा त्याने दावा कधी केला होता? माणसं आधी त्याला दाढीवाला ऋषी करतात आणि मग हा ऋषी आईकडे जेवून आला म्हणून ओरडतात. त्याचा प्रयोग साधा होता: जगायला कमीत कमी किती लागतं ते मोजून बघायचं, आणि उरलेला वेळ बघण्यात घालवायचा.

खरं ढोंग शोधायचं असेल तर मी तुम्हाला ह्यापेक्षा भारी मसाला देते. १८४४च्या एप्रिल अखेरीस, तळ्यावर जायच्या वर्षभर आधी, हा आणि एक मित्र होडीतून गेले, मासे पकडले, आणि काठावरच्या बुंध्यात चूल पेटवली. कोरडं गवत, वारा. साधारण तीनशे एकर जंगल जळलं. गावातले लोक त्याला वर्षानुवर्षं जंगलजाळ्या म्हणायचे. ह्याने सहा वर्षांनी डायरीत लिहिलं, त्यात कबुली आहे पण पश्चात्ताप शोधावा लागतो: मदत आणायला धावलो, मग टेकडीवर बसून आग बघत राहिलो, आणि वीज पडून लागली असती तर वेगळं काय झालं असतं असं मनाला समजावलं. हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झाले होते, अजूनही होते. आणि मोजणीदार म्हणून ज्या रानांची मोजणी त्याने केली त्यातली काही तोडण्यासाठीच मोजली जात होती, हेही त्याला माहीत होतं.

मग ह्याची भक्ती कुठे दिसते? मी नेहमी हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण वाचायला सांगते. वॉल्डनला तळच नाही अशी गावात समजूत होती. आपल्याकडे डोहाबद्दल म्हणतात ना, सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागत नाही, तस्संच. थोरो म्हणतो कमाल आहे, लोक मोजायची तसदी न घेता किती वर्षं असल्या गोष्टी मानत राहतात. १८४६च्या सुरुवातीला, बर्फ फुटायच्या आधी, तो होकायंत्र, साखळी आणि कॉड मासे धरायची दोरी घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेला. दोरीला दीड पौंडाचा, म्हणजे साधारण सातशे ग्रॅमचा दगड. भोकातून सोडायचा आणि वर ओढायचा. दगड तळाला टेकलेला असताना त्याच्याखाली पाणी नसतं, त्यामुळे सुटताना जोर जास्त लागतो, आणि खाली पाणी शिरलं की एकदम हलका होतो, त्या झटक्यावरून त्याला नेमकं कळायचं की तळ इथे आहे. अशी शंभरावर मापं घेतली. सगळ्यात खोल जागा भरली १०२ फूट. हल्लीच्या मोजणीतही फूट-दोन फुटाचाच फरक येतो. नकाशा काढल्यावर त्याला दिसलं की सर्वांत लांब रेघ आणि सर्वांत रुंद रेघ जिथे एकमेकींना छेदतात बरोब्बर तिथेच तळं सगळ्यात खोल आहे.

आणि एवढं करून तो म्हणतो काय, तर हे तळं खोल आणि नितळ आहे, प्रतीक म्हणून उपयोगी पडतं, ह्याबद्दल मी ऋणी आहे. म्हणजे इमर्सनचा धडा विसरला नाही, पण आधी दोरी सोडली, प्रतीक नंतर. इमर्सन निसर्गातून पलीकडे बघतो, थोरो निसर्गाकडे बघतो आणि बघता बघता पलीकडचं दिसलं तर दिसलं. दोघांमधला हा फरक जसा वाढत गेला तसे दोघं थोडे दुरावलेही. थोरो गेल्यावर श्रद्धांजलीच्या लेखात इमर्सनने तक्रार केलीच, की ह्याच्यात अख्ख्या अमेरिकेसाठी काही उभं करायची ताकद होती, आणि हा हकलबेरी तोडायला निघालेल्या पोरांचा कप्तान होऊन बसला. आपली बोरं-करवंदं तोडायला जाणारी टोळी असते ना, तशी. मला वाटतं इमर्सनला त्यातलं मोठेपण कळलंच नाही.

निसर्ग दयाळू आई वगैरेही थोरोला फार काळ मान्य राहिलं नाही. वॉल्डनला राहत असतानाच, १८४६च्या सप्टेंबरात तो मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरावर चढला. धुकं, वारा, सुटे दगड. तिथे त्याला जे भेटलं त्याला माणसाशी काही देणंघेणं नव्हतं. कॉन्कॉर्डच्या आसपासच्या मवाळ रानात जे सुचायचं ते तिथे सुचेना, तो नुसता ओरडतोय असं लिहिलंय: स्पर्श! स्पर्श! आपण कोण? आपण कुठे? निसर्गपूजक म्हणून त्याची आरती करणाऱ्यांनी ही पानं जरूर वाचावी.

आपल्याकडचे लोक एक प्रश्न नेहमी विचारतात म्हणून आधीच सांगते: हे सगळं वेदांतातूनच घेतलंय ना? अर्धवट. चार्ल्स विल्किन्सचं गीतेचं इंग्रजी भाषांतर १७८५चं, पण इमर्सनच्या हातात अख्खी गीता आली १८४५च्या सुमारास, 'नेचर' येऊन नऊ वर्षं झाल्यावर. त्याआधी त्रोटक उतारे, गोषवारे वाचलेले. म्हणजे मूळ रोप तिथलंच, गीता-उपनिषदांनी त्याला पाणी घातलं. पण पाणी भरपूर घातलं हेही खरं, 'ब्रह्म' ही इमर्सनची १८५७ची कविता म्हणजे जवळजवळ 'य एनं वेत्ति हन्तारं'चा इंग्रजी अवतार आहे. बॉस्टनच्या वाचकांना ती ओ की ठो कळली नाही, विडंबनं मात्र धडाधड निघाली. थोरोला १८५५ला एका इंग्रज मित्राने ४४ खंड पाठवले, बहुतेक भारतीय ग्रंथ, आणि ह्याने नदीतून वाहत आलेल्या लाकडाचं कपाट त्यांच्यासाठी आधीच करून ठेवलं होतं.

ह्यातलीच बर्फाची गोष्ट तर माझी लाडकी. तेव्हा बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांचा बर्फ कापून जहाजातून पार कलकत्त्याला पाठवायचा धंदा १८३३ पासून चालवलेला होता, मुंबई-मद्रासलाही तो बर्फ यायचा, मद्रासचं आइस हाउस तर अजून उभं आहे. १८४६-४७च्या हिवाळ्यात शंभर माणसं वॉल्डनवर बर्फ कापायला आली. थोरोने लिहिलं, आता मुंबई, मद्रास, कलकत्त्याचे घामाघूम झालेले लोक माझ्या विहिरीचं पाणी पिणार, मी सकाळी गीतेत बुद्धीला आंघोळ घालतो आणि वॉल्डनचं पाणी गंगेला मिळतं. केवढं सुंदर! भाषणांत हे वाक्य सगळे टाळ्या घेत म्हणतात. पण त्याच प्रकरणात, एक पान आधी, त्याच माणसाने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की तो दहा हजार टनांचा ढीग गवत आणि फळ्यांनी झाकून ठेवला, त्यातला थोडासाच कोणी नेला, बाकीचा तिथेच पडून राहिला आणि १८४८च्या सप्टेंबरपर्यंत हळूहळू वितळून बहुतेक सगळा तळ्याला परत मिळाला. गंगेचं वाक्य वाचताना ते पान शेजारी उघडं ठेवायचं, मग थोरो कळतो.

गुलामगिरीचा विषय सोडून ह्यांच्या निसर्गाबद्दल बोलता येत नाही. थोरोने कर भरला नाही म्हणून १८४६च्या जुलैत एक रात्र तुरुंगात काढली हे आपल्याला गांधींमुळे माहीत असतं. त्यापेक्षा १८५४चं भाषण वाचा, ४ जुलैचं, 'वॉल्डन' छापून यायच्या पाचएक आठवडे आधीचं. अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या गुलामाला बॉस्टनच्या सरकारी यंत्रणेने पकडून परत पाठवलं होतं. थोरो म्हणतो, मी तळ्याकडे फिरायला निघतो, पण माणसंच नीच झाली तर निसर्गाच्या सौंदर्याला काय अर्थ? आयुष्यभर तळ्याचं गुणगान केलेला माणूस हे म्हणतोय. निसर्ग हा पळून जायचा कोपरा नव्हता त्याच्यासाठी.

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर मराठीत दुर्गाबाई भागवतांनी केलेला 'वॉल्डन'चा अनुवाद आहे, मिळाला तर घ्या. पहिलं हिशोबाचं प्रकरण लांबलचक आहे, कंटाळा आला तर सोडून थेट तळ्यांवर जा, नंतर परत या. इमर्सनचे निबंध एका बैठकीत चार पानांच्या वर वाचू नका, त्याचं प्रत्येक वाक्य सुभाषित असतं आणि सुभाषितांनी डोकं दुखतं.

थोरोची डायरी तर समुद्र आहे, १८३७ ते १८६१, वीस लाख शब्द. त्यात १८५०च्या दशकात कोणतं फूल कोणत्या तारखेला उमललं ह्याच्या नोंदी आहेत, शेकडो झाडांच्या. बॉस्टन विद्यापीठाच्या रिचर्ड प्रिमॅक आणि सहकाऱ्यांनी त्या आजच्या तारखांशी ताडून बघितल्या, तर तीच फुलं आता सरासरी आठवडाभर तरी लवकर येतात, आणि काही जाती तिथून गेल्याच. हवामान बदलाच्या अभ्यासात त्या नोंदी आता पुरावा म्हणून वापरल्या जातात.

१८६०च्या डिसेंबरात तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवरची वर्तुळं मोजत बाहेर फिरताना त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली, जुना क्षय उसळला. १८६२च्या ६ मेला गेला, वय ४४. डायरीतली शेवटची नोंद ३ नोव्हेंबर १८६१ची आहे. रात्री पूर्वेकडून वादळ येऊन गेलेलं, दुपारी उघडीप झाली, आणि हा आजारी माणूस रेल्वेच्या भरावावरची खडी बघत उभा आहे. पावसाच्या माऱ्याने खडीत एका बाजूला कललेल्या बारीक रेघा उठल्यात, आणि तो लिहितो की पाऊस नेमका कुठल्या दिशेने आला ते मी ह्यावरून एका अंशाच्याही छोट्या भागापर्यंत सांगू शकतो.